थ्री-नॉट-थ्रीचे भाग ३१५ रायफलीला: काय चालते, काय चालत नाही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील आमच्या घरात आजोबांनी गोवा मुक्तीनंतर घेतलेली ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) एक रायफल आहे. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, रानडुकरे उतरू लागली तेव्हा तिचा परवाना निघाला, पुढे तो वारसाहक्काने वडिलांच्या आणि नंतर माझ्या नावावर झाला. तिला हात लावणारा प्रत्येक जाणकार पहिले वाक्य एकच बोलतो: “ही तर सैन्यातली थ्री-नॉट-थ्री!” हे म्हणणे निम्मे खरे आहे. दस्त्याला चीर गेली, स्क्रू हरवला किंवा मॅगझिन सैल झाले की या निम्म्या खरेपणावर विसंबून लोक जुने लष्करी भाग शोधू लागतात. त्यांतले काही भाग निर्धास्तपणे चालतात, काही थोड्या जुळणीनंतर चालतात, तर काही अगदी चपखल बसत असूनही बसवू नयेत असे असतात. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, म्हणून या लेखात त्यालाच सर्वाधिक जागा दिली आहे.

या दोन रायफलींचे नाते नीट कळल्याशिवाय पुढचे समजणार नाही. ब्रिटिश सैन्याने १९०७ मध्ये शॉर्ट ली-एनफील्डचा, म्हणजे आपल्या थ्री-नॉट-थ्रीचा (३०३ बोअर), मार्क ३ हा नमुना स्वीकारला, १९१६ मध्ये त्याची सुटसुटीत केलेली ‘मार्क ३ स्टार’ ही आवृत्ती आली, आणि बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती अनेक दशके घडवली गेली. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात उतरलेल्या भारतीय जवानांच्या खांद्यावरही हीच रायफल होती. सैन्याचे काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये हे इंग्रज सरकारचे धोरण होते. त्यामुळे हिंदुस्थानातील शिकाऱ्यांसाठी विलायती कारखान्यांनी त्याच ली-बोल्टच्या रायफली ३१५ बोअरमध्ये, म्हणजे ८ मिलिमीटरमध्ये, काढल्या. गंमत अशी की हे ‘नागरी’ काडतूसही मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या मानलिखर रायफलीचे होते. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारी आयुध कारखान्यांनी तीच वाट पुढे चालवली. म्हणून या दोन रायफलींचा सांगाडा (रिसीव्हर), बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) रचना, चापाची यंत्रणा आणि लाकडाची बैठक एकाच घराण्याची आहे, मात्र काडतुसाशी संबंध येणारे सारे काही वेगळ्या घराण्याचे आहे. कोणताही भाग हातात घेतला की तो काडतुसाला किंवा त्याच्या दाबाला तोंड देतो का, हा प्रश्न आधी विचारावा. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्या एका उत्तरातून निघतात.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी कायदा पाहून घ्यावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती सूट पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसलेल्या भागांपुरतीच आहे. तुमच्या घरात रायफल असताना तिच्यासाठी आणलेला भाग त्या सुटीत बसतो असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. भाग परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा आणि पावतीवर आपला परवाना क्रमांक लिहून घ्यावा. परदेशी संकेतस्थळांवर हे भाग खेळण्यांसारखे मांडलेले दिसतात, पण ते मागवणे ही शस्त्रांची आयात ठरते आणि तिला स्वतंत्र परवाना लागतो. व्यवसाय म्हणून दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना आवश्यक आहे, त्यामुळे गावातला लोहार किंवा लेथवाला कितीही हुशार असला तरी हे काम त्याच्याकडे नेऊ नये.

त्याहून मोठा धोका बोअरचा आहे. ३०३ आणि ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस भरून झाडू शकणारी बोल्ट रायफल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणेही परवान्याशिवाय गुन्हा आहे. लष्करी नळी ३१५ च्या सांगाड्यावर चढवणे ही दुरुस्ती नव्हे, ते रूपांतर होय. नळीचा विषय या लेखापुरता इथेच संपतो.

भाग ज्या रायफलीवर बसवायचा ती आणि तो ज्या रायफलीतून निघाला ती, अशा दोघींची ओळख पटवणे हे पहिले खरे काम आहे. बोल्ट उघडून मॅगझिन काढावे, चेंबर, म्हणजे नळीतील काडतुसाची जागा, डोळ्यांनी पाहावे आणि करंगळी घालून चाचपावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, आणि मगच निरीक्षणाला बसावे. दस्ता जिथे लोखंडी सांगाड्यात शिरतो त्या पट्ट्यावर मुकुट, त्याखाली ‘जी. आर. आय.’ ही अक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना कोरलेला असेल, तर ती स्वातंत्र्यपूर्व काळातील इशापूरची लष्करी रायफल होय. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर ‘आर. एफ. आय.’ ही अक्षरे दिसतात.

‘ली-एनफील्ड’ या एका नावाखाली किमान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे वर सांगितलेली मार्क ३ ची रायफल, जिला ‘नंबर १’ म्हणतात. दुसरी दुसऱ्या महायुद्धातील नंबर ४, जिचे बोल्ट हेड, नळीचे आटे, लाकूड आणि मॅगझिन नंबर १ पेक्षा वेगळे आहे. तिसरी साठच्या दशकात इशापूरने ७.६२ मिलिमीटरसाठी काढलेली २-ए आणि २-ए-१, जिचे मॅगझिन बिनकडेच्या (बुडाशी बाहेर आलेली किनार नसलेल्या) काडतुसासाठी असल्यामुळे आपल्या काही कामाचे नाही. चौथी पोलिसांची ४१० मस्केट, जी मूळच्या नंबर १ वरून तयार झाल्यामुळे तिचे लाकडी भाग नंबर १ सारखेच असतात. ३१५ चे नाते सर्वांत जवळून नंबर १ शी आहे, म्हणून विक्रेता नंबर ४ चा भाग “एकच आहे” म्हणून पुढे करील तेव्हा तो नम्रपणे परत करावा.

आता लाकूड. गोव्यात रायफलीचे पहिले काय बिघडत असेल तर ते लाकूड. जून ते सप्टेंबर ते ओल पिऊन फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसते. निवडणुकीच्या काळात रायफल जमा करून परत आणली की तीही आधी लाकडाच्या बाजूनेच तपासावी. लष्करी मागचा दस्ता ३१५ च्या सांगाड्यात बहुधा जाऊन बसतो, कारण ती बैठक दोघींत एकाच धर्तीची आहे. सैन्यात हे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे असत: नेहमीचा, त्याहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि एक इंच आखूड. लांब, आखूड आणि सर्वांत आखूड दस्त्यावर बट प्लेटजवळ वरच्या बाजूला अनुक्रमे एल, एस आणि बी हे अक्षर ठोकलेले असते. आपल्याकडच्या सरासरी बांध्याच्या माणसाला आखूड दस्ता अधिक सोयीचा पडतो, असे माझे मत आहे.

दस्ता काढताना मात्र एक चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. दस्त्याच्या आतून जाणाऱ्या लांब बोल्टचे पुढचे टोक नंबर १ मध्ये चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडातील लोखंडी पट्टीच्या खाचेत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असतानाच मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून तो बोल्ट फिरवला, तर ते चौकोनी टोक पट्टीसह लाकडाची मागची बाजू उलते. म्हणून क्रम असा ठेवावा: मॅगझिन, मग पुढचे पट्टे आणि हँडगार्ड (नळीवरचे लाकूड), मग चापाच्या पालाचे (ट्रिगर गार्डचे) स्क्रू, मग पुढचे लाकूड, आणि सर्वांत शेवटी दस्त्याचा बोल्ट. जोडताना हाच क्रम उलटा लावावा आणि चौकोनी टोक खाचेच्या सरळ रेषेत आले आहे ना, हे लाकूड चढवण्यापूर्वी पाहावे. आपल्या ३१५ मध्ये ती पट्टी आहे की नाही हे आधी ठाऊक नसते, म्हणून ती आहेच असे धरून चालावे.

पुढचे लाकूड हा अधिक नाजूक विषय आहे. लष्करी रायफलीचे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जाते आणि संगीन लावण्याच्या नोजकॅपला मिळते, तर ३१५ चे लाकूड अर्ध्यावर संपते आणि तिच्या नळीची बाह्यरेषाही वेगळी असू शकते. म्हणून संपूर्ण लष्करी साज चढवण्याचा मोह टाळावा. तडकलेल्या लाकडाच्या जागी लष्करी लाकडाचा मागचा भाग कापून वापरायचा असेल, तर नळीची जाडी व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजून मगच कारागिराला सांगावे. झाडल्यावर मागे येणारा धक्का सांगाड्याकडून लाकडाच्या मागच्या दोन खांद्यांवर येतो. ते दोन्ही खांदे सांगाड्याला सारखे टेकले पाहिजेत. एक टेकला आणि दुसरा अधांतरी राहिला तर चीर पुन्हा जाणारच. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियात मऊ लाकडाच्या रायफलींना त्या खांद्यांवर तांब्याच्या चकत्या बसवल्या जात. इशापूरने आपला उपाय म्हणून पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू घातला. तो असलेले जुने लाकूड मिळाले तर ते घ्यावे.

लाकडाचा संबंध चापाशीही येतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नंबर १ च्या धर्तीच्या रायफलीत चाप सांगाड्याला टांगलेला नसून चापाच्या पालाला टांगलेला असतो, आणि पाल लाकडावर आवळलेला असतो. लाकूड फुगले किंवा आकसले की चापाचे अंतर बदलते. पावसाळ्यात चाप “जड झाला” किंवा उन्हाळ्यात “हलका झाला” असे वाटते त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते. हाच दोष घालवण्यासाठी १९४९ च्या नंबर ४ मार्क २ मध्ये चाप सांगाड्यालाच जोडण्यात आला. म्हणून नवे लाकूड घातल्यानंतर पालाच्या पुढच्या स्क्रूभोवतीची छोटी पोलादी नळकांडी लाकडात आहे ना, हे अवश्य पाहावे. ती नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड दबत जाते आणि चापाची जुळणी कधीच स्थिर होत नाही. सैन्यात चापाची पहिली ओढ ३ ते ४ पौंडांची आणि दुसरी ५ ते ६ पौंडांची ठेवली जाई. स्प्रिंगचा काटा टांगून हे घरीही मोजता येते, पण आकडा जुळला नाही तर कानस उचलू नये. ते काम आर्मररचे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे आहे.

किरकोळ लोखंडी साज, म्हणजे स्लिंगच्या कड्या, बट प्लेट, पट्टे आणि पाल, लष्करी रायफलींतून घेण्यास हरकत नाही. स्क्रू मात्र पणजी किंवा मडगावच्या हार्डवेअर दुकानात शोधू नयेत. या रायफलीचे आटे कारखान्याच्या स्वतःच्या मापाचे आहेत. बाजारातला मेट्रिक स्क्रू दोन फेऱ्या सहज जातो आणि तिसऱ्या फेरीत सांगाड्याचे आटे खातो. सेफ्टीचा भागही लष्करी चालतो, पण खटका आणि त्याखालची खुंटी हे दोन तुकडे एकमेकांत आट्यांनी गुंतलेले असतात, म्हणून ते जोडीनेच घ्यावेत आणि काढताना आटा कुठे सुरू होतो ते खडूने खुणावून ठेवावे. सेफ्टी लावून चाप ओढल्यावर, आणि मग सेफ्टी काढल्यावर, काहीही हलता कामा नये.

मॅगझिनच्या बाबतीत मी स्वतः फसलो. काही वर्षांपूर्वी एका परवानाधारक विक्रेत्याने “हेच बसते” म्हणून दिलेले जुने लष्करी मॅगझिन मी आनंदाने घरी आणले. ते खट्‌कन बसले, निसटेना, आणि मला वाटले की काम झाले. डमी काडतुसे भरून बोल्ट ढकलला तेव्हा पहिलेच काडतूस नाक वर करून अडकले, आणि दुसरे तर मॅगझिनच्या ओठांखालून पुरते निघेचना. कारण अगदी साधे होते. ३०३ चे कवच सुमारे ५६ मिलिमीटर लांब आणि सडपातळ असते, तर ३१५ चे सुमारे ५० मिलिमीटर लांब, पण बुडाशी जाड आणि मोठ्या कडेचे असते. मॅगझिनचे ओठ, उतार आणि आतली पाटी हे सारे त्या मापांवर घडवलेले असते, आणि बाहेरच्या पेटीचा आकार सारखा असून उपयोग नसतो. ओठ पक्कडीने वाकवून हे जमवता येईल असे सांगणारे भेटतील, पण प्रत्येक काडतूस सारखेच वर येईल अशी वाकवणी हाताने साधत नाही. मूळ मॅगझिन सैल झाले असेल तर आधी त्याची स्प्रिंग आणि खटका बदलून पाहावा, कारण मॅगझिनला सांगाड्यात धरून ठेवणारा खटका व त्याची स्प्रिंग लष्करी भागांतून घेता येते. नव्या जुळणीची तपासणी नेहमी डमी काडतुसांवर करावी, जिवंत काडतुसांवर कधीही करू नये.

आता बोल्ट, आणि इथे मी कोणाचेही ऐकू नये असे सांगेन. लष्करी नंबर १ चा बोल्ट ३१५ च्या सांगाड्यात सरकतो, वळतो आणि बंदही होतो, आणि हेच सर्वांत वाईट आहे. ली रायफलीत बोल्टला अडवणारे दोन दाते मागच्या बाजूला असतात. प्रत्येक रायफलीत ते सांगाड्याच्या खांद्यांवर सारखे टेकतील असे घासून जुळवलेले असतात, म्हणूनच बोल्टच्या मुठीच्या बुडाशी सांगाड्याचाच क्रमांक कोरलेला असतो. परका बोल्ट घातला की एक दाता टेकतो आणि दुसरा केसभर दूर राहतो. मग सगळा दाब एका बाजूने जातो, आणि वर्षानुवर्षे तसे चालले तर दाता किंवा सांगाडा तडकतो.

दुसरे कारण हेडस्पेसचे आहे. कडेच्या काडतुसात हेडस्पेस म्हणजे बोल्टचे तोंड आणि काडतुसाची कड ज्यावर टेकते ती नळीची बैठक, या दोहोंमधले अंतर. ते जास्त झाले तर झाडताना कवच मागे ताणले जाऊन बुडाजवळ फाटते आणि गरम वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. ३०३ साठी सैन्याने ही मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच ठरवली होती आणि तिची मापके जुन्या आर्मररांकडे आजही असतात. पण ती मापके ३१५ ला लावू नयेत, कारण ३१५ ची कड वेगळ्या मापाची आहे. ३०३ च्या मापकाने “पास” झालेली ३१५ खरे तर तपासलेलीच नसते.

बोल्टच्या टोकाशी आट्यांनी बसणारे बोल्ट हेड सुटे मिळते, त्यामुळे ते सहज बदलण्याजोगे वाटते. ते पूर्ण फिरवल्यावर बोल्टच्या कण्याच्या रेषेत थांबायला हवे. रेषा ओलांडून ठळकपणे पुढे जात असेल तर आटे झिजले आहेत किंवा ते दुसऱ्याच बोल्टचे आहे, असे समजावे. नंबर ४ ची बोल्ट हेडे शून्य ते तीन अशा क्रमांकांनी वेगवेगळ्या लांबीची मिळत, आणि त्या आठवणीने लोक “मोठ्या नंबरचे घाला” असे सांगतात. तो सल्ला नंबर ४ चा आहे, आपल्या रायफलीचा नाही. रिकामे कवच ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरही मोठ्या कडेसाठी घडवलेला असतो, म्हणून तो फक्त ३१५ चाच घ्यावा. आतली मुख्य स्प्रिंग मात्र थकली असेल तर आर्मररकडून लष्करी नव्या स्प्रिंगने बदलून घेता येते. फायरिंग पिन किती बाहेर येते ते त्याच वेळी त्याच्याकडून मोजून घ्यावे. बोल्ट, बोल्ट हेड किंवा सांगाडा यांपैकी काहीही खरोखर निकामी झाले असेल, तर रायफल विक्रेत्यामार्फत कारखान्याकडे पाठवणे एवढाच मार्ग मी सुचवीन, मग त्याला कितीही महिने लागोत.

मागची नेमपट्टी लष्करी बसवण्याची हौस अनेकांना असते, कारण २००० यार्डांपर्यंतच्या त्या खुणा देखण्या दिसतात. त्या १७४ ग्रेनच्या, सेकंदाला सुमारे २४४० फूट वेगाने जाणाऱ्या लष्करी गोळीसाठी आखलेल्या आहेत. ३१५ ची गोळी जड आणि संथ असल्यामुळे त्या आकड्यांवर नेम धरला तर गोळी खालीच पडणार. भाग बसला तरी आकडे विसरावेत आणि रेंजवर स्वतःच्या खुणा पाडाव्यात.

काही जुन्या घरांत पोर्तुगीज काळातील मॉझर-व्हेर्गेरूही कागदपत्रांसह जपलेली असते. १९०४ च्या या रायफलीचे नाव मॉझर असले तरी तिच्या सांगाड्याचा मागचा पूल दुभंगलेला असून बोल्टची मूठ त्यातून जाते, म्हणून प्रसिद्ध मॉझर ९८ चे बोल्ट तिला लागत नाहीत. तिच्यासाठी भाग शोधण्याऐवजी ती जशी आहे तशी ठेवणेच मला योग्य वाटते.

कोणताही भाग बदलल्यावर काढलेला मूळ भाग टाकून देऊ नये. तो चिठ्ठी लावून, तेलाचा हात देऊन, रायफलीसोबतच कुलपात ठेवावा आणि पावती परवान्याच्या फाइलमध्ये लावावी, म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी तपासणी झाली तर प्रत्येक तुकड्याचा हिशेब देता येतो. नव्या लाकडाला मे महिन्यात, लाकूड सुके असताना, कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पुरता मुरल्यावरच पुढचा द्यावा, आणि सांगाड्याच्या आत झाकलेल्या कोरीत, विशेषतः धक्का घेणाऱ्या त्या दोन खांद्यांवर, तेल पोहोचले आहे याची खात्री करावी. तेल लावलेली फडकी उन्हात पसरून वाळवावीत, कारण जवसाच्या तेलाच्या चुरगळलेल्या फडक्यांना आपोआप आग लागू शकते. पहिल्या पावसानंतर आठवड्याने रायफल पुन्हा एकदा काढून चापाची ओढ मोजावी आणि पालाचे दोन्ही स्क्रू अजून जागच्या जागी आहेत ना, ते पाहावे.